प्लॅटिपस आणि आपलं खवले मांजर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डी सोडते आणि कसारा येण्याआधी एका लहानशा स्थानकावर थांबते. त्याचं नाव उंबरमाळी. घाई असलेल्या माणसाला ते स्थानक दिसतही नाही. गाडी थांबते, दोन-चार माणसं डोक्यावर लाकडाची मोळी किंवा हातात भाजीची पाटी घेऊन चढतात-उतरतात आणि गाडी पुढे निघते. मी त्या गावचा. शहापूर तालुक्यातच शाळामास्तर म्हणून माझी सारी नोकरी झाली. विज्ञान शिकवलं. आज मी तुम्हाला एका प्राण्याची गोष्ट सांगणार आहे. सुरुवात मात्र ऑस्ट्रेलियातून करावी लागेल, कारण माझ्या वर्गात ती तिथूनच सुरू झाली.

२०१७ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात सस्तन प्राणी शिकवत होतो. फळ्यावर सस्तन प्राण्यांची लक्षणं लिहिली. अंगावर केस, पिल्लाला जन्म देणं, पिल्लाला दूध पाजणं. मग अपवाद म्हणून प्लॅटिपसचं चित्र दाखवलं. वर्गात हशा पिकला. चोच बदकाची, शेपटी चपटी, पंजाला पडदे, अंगावर मऊ लोकर. एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, हे कोणीतरी जोडून जोडून केलंय.’’

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं, कारण दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या विद्वानांना नेमकं हेच वाटलं होतं. १७९८ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी या प्राण्याचं वाळलेलं कातडं इंग्लंडला पाठवलं. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या निसर्ग अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन लिहिलं, पण लिहिताना त्यालाही शंका होती की, कोणी लबाडाने बदकाची चोच एखाद्या जनावराच्या कातड्याला शिवली तर नाही ना? चोचीपाशी शिवण सापडते का, हे त्या काळी बारकाईने तपासून पाहिलं गेलं. शिवण नव्हती. प्राणी खरा होता.

आणि जसजसा अभ्यास होत गेला, तसतसा तो अधिकच नवलाचा निघाला. प्लॅटिपसची मादी अंडी घालते, बहुधा दोन. दहा-एक दिवस ती अंगाचं वेटोळं करून उबवते. पिल्लं बाहेर आली की त्यांना दूध पाजते, पण तिला सडच नाहीत. पोटावरच्या कातडीतून दूध पाझरतं आणि पिल्लं ते चाटून घेतात. नराच्या मागच्या पायाला काटा असतो आणि त्या काट्यात विष असतं. ते माणसाला टोचलं तर अशा वेदना होतात की, मॉर्फिननेही म्हणावा तसा आराम पडत नाही. पाण्यात बुडी मारली की हा प्राणी डोळे, कान, नाक सगळं बंद करून घेतो. मग भक्ष्य सापडतं कसं? त्याच्या चोचीवर हजारो सूक्ष्म संवेदक असतात. पाण्यातला किडा किंवा कोळंबी हलली की तिच्या स्नायूंमधून जी अगदी क्षीण वीज निघते, ती या चोचीला कळते. मोठ्या प्लॅटिपसला दात नसतात आणि अन्न पचवायला आपल्यासारखं आम्ल तयार करणारं जठरही नसतं. आपल्याला लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन, एक्स आणि वाय. प्लॅटिपसला दहा!

हे सगळं मी रंगवून सांगत होतो. वर्ग अगदी चिडीचूप. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. ठाकरवाडीवरून पायी येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. ती म्हणाली, ‘‘सर, सगळी नवलाची जनावरं तिकडंच का? आपल्याकडं नाहीत?’’

मी म्हटलं, ‘‘आहे की. खवले मांजर.’’

आणि हे म्हणत असताना माझा आवाज जरा बसला. का, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजोबांना घेऊन शाळेत आली. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, सारं आयुष्य रानात गेलेलं. नातीने घरी विचारलं असणार. व्हरांड्यात उकिडवं बसून त्याने मला खवले मांजर सांगितलं. मी पुस्तकातून वाचलेलं आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आम्ही ताडून पाहत गेलो.

तो म्हणाला, ‘‘गुरुजी, त्याला दात नाय. एक बी नाय.’’

बरोबर. खवले मांजराला दात नसतात. इतकंच नव्हे, तर २०१६ साली या प्राण्यांच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दातांवरचं कवच बनवणारी जनुकं त्यांच्यात आहेत, पण मोडलेल्या, निकामी अवस्थेत आहेत, असं दिसलं. जुन्या वाड्यात गिरणीची खोली असावी, जातं मात्र कधीच मोडून गेलेलं असावं, तसं. म्हणजे यांच्या पूर्वजांना दात होते. गरज सरली आणि ते गेले.

‘‘मग चावतं कसं, बाबा?’’ मी विचारलं.

‘‘चावतच नाय. त्याच्या पोटात खडं असत्यात.’’

हेही बरोबर. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं अन्न. खाताना बारीक खडे आणि वाळूही पोटात जाते. जठराच्या शेवटच्या भागात जाड, बळकट स्नायू असतात. तिथे खडे आणि किडे एकत्र भरडले जातात. कोंबडीच्या पोटातली पथरी असते ना, तशीच सोय. आपण सस्तन प्राण्यात कोंबडीची पथरी पाहतो आणि प्लॅटिपसमध्ये बदकाची चोच पाहतो. नवल वाटायचं तर दोन्हीचं सारखंच वाटायला हवं.

जिभेची गोष्ट तर आणखी वेगळी. आपली जीभ घशाशी संपते. खवले मांजराच्या जिभेचं मूळ घशात नसून छातीच्या पिंजऱ्यात खोलवर, बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. दोरीसारखी बारीक, चिकट लाळेने माखलेली जीभ वीतभर बाहेर येते, वारुळाच्या भोकात शिरते आणि चिकटलेली वाळवी घेऊन परत जाते. मुंग्या डोळ्यांत, कानांत, नाकात शिरू नयेत म्हणून पापण्या जाड असतात आणि कान-नाकाची भोकं मिटून घेता येतात. पाण्यात बुडी मारणारा प्लॅटिपस आणि वारुळात तोंड घालणारं खवले मांजर, दोघांनीही एकाच अडचणीवर सारखाच उपाय काढलेला.

आता खवले. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले सुमारे १६० ते २०० खवले. अंगावर असे खवले असलेला जगात दुसरा सस्तन प्राणी नाही. मोठं जनावर दहा-पंधरा किलो भरतं आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा वजन नुसत्या खवल्यांचं. हे खवले कशाचे बनतात? केराटिनचे. म्हणजे तुमची-माझी नखं ज्याची बनतात, केस ज्याचे बनतात, गाईचं शिंग आणि घोड्याचा खूर ज्याचा बनतो, त्याच द्रव्याचे. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या रडकथेचं मूळ त्यातच आहे.

नावाचं विचाराल तर जगभर या प्राण्याला पँगोलिन म्हणतात. हा शब्द मलय भाषेतला, त्याचा अर्थ गुंडाळून घेणारा. आपण त्याला मांजर म्हणतो. मीही वर्गात मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो की, हे नाव चुकीचं आहे, याचा मांजराशी काही संबंध नाही. जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊच्या रांगेत बसवलं होतं, कारण दोघांनाही दात नाहीत आणि दोघांचीही जीभ लांब. पुढे डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की, मुंगीखाऊ याचा जवळचा नातेवाईक नाहीच. एकाच प्रकारचं काम करून दोघांची अवजारं सारखी झाली, एवढंच. याची सगळ्यांत जवळची नाती निघाली ती मांसाहारी प्राण्यांशी, म्हणजे कुत्री, अस्वलं आणि मांजरं यांच्या कुळाशी! फार जुनी, कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेली भाऊबंदकी आहे ही, पण आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी ठेवलेलं नाव मी पस्तीस वर्षं खोडत होतो, ते अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

प्लॅटिपसच्या बाबतीतही असंच काहीसं घडलं आहे. तो अंडी घालतो की पिल्लं, यावर युरोपात जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला. ऑस्ट्रेलियातले आदिवासी सांगत होते की तो अंडी घालतो. जॉर्ज बेनेट नावाच्या अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकात त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नाही. शेवटी १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल या तरुण शास्त्रज्ञाने, त्याच आदिवासींना कामाला लावून, अंड्याचा पुरावा मिळवला आणि तारेने ती बातमी जगाला कळवली. श्रेय तारेला मिळालं. आधीपासून ठाऊक असणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्याचं ऐकताना मला हे सारखं आठवत होतं.

त्याने शेवटी एक गोष्ट सांगितली. ‘‘गुरुजी, मादी पिल्लाला शेपटीवर बसवून नेते. आणि भ्यायली का त्याला पोटाशी घेऊन वळते. मग काय बी करा, सोडत नाय.’’

श्रोतेहो, माझा आवाज बसला होता तो यासाठी.

१९७९ साली मी सातवीत होतो. भातकापणी झाली होती. एका रात्री वाडीतली कुत्री बांधाशी जोरजोराने भुंकायला लागली. माणसं काठ्या आणि कंदील घेऊन धावली, मीही त्यांच्यामागे. बांधाच्या कडेला एक मोठा गोळा पडला होता, खवल्यांचा. कुत्री त्याला चावायला बघत होती, पण त्यांचे दात लागत नव्हते. कोणीतरी काठीने ढकललं, गोळा घरंगळला, पण उलगडला नाही. शेवटी तो उचलून लोखंडी पिंपात टाकला. कंदील माझ्या हातात होता. पिंपावर वाकून मी पाहिलं, तर गोळ्याच्या मधल्या फटीतून एक बारीकसं, फिकट टोक बाहेर आलेलं होतं. माझ्या करंगळीपेक्षा थोडं जाड. ते हलत होतं. मला वाटलं, ती त्याचीच शेपटी असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी माणूस रेल्वेच्या रुळांवरून चालत आला. त्याने चाळीस रुपये दिले आणि गोणपाटात घालून जनावर नेलं. त्या चाळीस रुपयांचं वाडीत काय झालं, ते मला आठवत नाही. ते टोक मात्र आठवतं. पुष्कळ वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, एका पुस्तकात मी फोटो पाहिला. पँगोलिनची मादी गोळा होऊन पडलेली आणि तिच्या वेटोळ्यातून पिल्लाची शेपटी बाहेर आलेली. पिल्लाचे खवले जन्मतः मऊ आणि फिकट असतात, असं खाली लिहिलं होतं. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. खवले मांजराला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, हेही मी त्याच पानावर वाचलं.

निसर्गाने या प्राण्याला जी ढाल दिली, तीच माणसापुढे त्याच्या जिवावर उठली. बिबट्याला हा गोळा उलगडता येत नाही. चावायला जावं तर धारदार खवल्यांनी त्याचंच तोंड सोलून निघतं. त्यामुळे पळून जायची, लढायची सवय या प्राण्याला लागलीच नाही. भीती वाटली की गुंडाळून घ्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. आणि माणसाला तर तेच हवं आहे. फासा नको, बंदूक नको. वाकायचं आणि उचलायचं.

हा व्यापार कशासाठी चालतो? आपल्याकडे म्हणतात, खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध बरी होते. पूर्व आशियात समजतात की, खवल्यांच्या भुकटीने बाळंतिणीला दूध येतं, सूज उतरते. शिवाय अलीकडे आपल्याच जिल्ह्यांमध्ये मांडूळ, कासव आणि खवले मांजर यांच्याविषयी आणखी एक खूळ पसरलं आहे. यांची पूजा केली की पैशांचा पाऊस पडतो म्हणे. कोटीच्या गोष्टी सांगितल्या जातात. हे कोटी रुपये मिळालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पकडला गेलेला, वकिलापायी जमीन विकलेला माणूस मात्र कोणत्याही तालुक्यात दाखवता येईल.

खवला केराटिनचा असतो, हे मघाशी सांगितलं. त्यात औषध असेल तर ते आपल्या नखांतही आहे. दर रविवारी आपण ते कापून उकिरड्यावर टाकतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, आणि हसलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

जगाला हे उशिरा का होईना, कळू लागलं आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत पँगोलिनच्या तेव्हा मान्य असलेल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीनने आपल्या औषधांच्या अधिकृत ग्रंथाच्या यादीतून खवले काढून टाकले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारणं, पकडणं, विकणं, त्याचे खवले बाळगणं, या सगळ्याला तीन ते सात वर्षं कैदेची शिक्षा आहे. तरीही ‘आययूसीएन’च्या लाल यादीत भारतीय खवले मांजर संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. कायदा आहे, पण रात्री दोन वाजता बांधावर कायदा नसतो. तिथे एक गरीब माणूस असतो आणि त्याच्या समोर एक गोळा.

२०१८ च्या पावसाळ्याआधीची गोष्ट सांगतो. एका पहाटे माझ्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर तीच मुलगी, एव्हाना नववीत गेलेली. धापा टाकत होती. म्हणाली, ‘‘सर, बापाने खवले मांजर धरलंय. रात्री एक जण येऊन बोलून गेला. आज संध्याकाळी नेणार हाय.’’

मी चप्पल घालून तसाच निघालो. वाटेत ती काहीच बोलली नाही. घरी पोहोचलो तर अंगणात एक मोठी पाटी पालथी घातलेली आणि तिच्यावर दगड. तिचा बाप ओट्यावर बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. तो काय समजायचं ते समजला.

मी त्याला कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘गुरुजी, मला कोटी नको. कोटी खोटंच असणार, येवढं मला बी कळतं. पण तो पंचवीस हजार देतो म्हणतोय. धाकट्याच्या दवाखान्याचं बावीस हजार देणं हाय. ते कोण देणार? तुमचा कायदा देणार?’’

खरं सांगतो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पगारदार माणूस. पहाटे उठून दुसऱ्याला शहाणपण सांगणं मला परवडत होतं. ज्या तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये ज्याच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे राहतात, तिथल्या माणसाला मी आणखी एकदा सांगत होतो की, बाबा रे, हेही तुझ्या दारातलं तू दुसऱ्यांसाठी राखून ठेव.

निर्णय माझ्या बोलण्याने झाला नाही. आतून म्हातारा बाहेर आला. पाटीवरचा दगड त्याने काढला, पाटी जराशी उचलून आत पाहिलं आणि मुलाला एवढंच म्हणाला, ‘‘मादी हाय. पोटाशी पिल्लू हाय.’’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या बापाने आपण होऊन मला सांगितलं, ‘‘फोन करा.’’

वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर मी फोन लावला. दुपारी कर्मचारी आले. जनावराला कुठे इजा झालेली नाही, हे त्यांनी पाहिलं. त्या माणसाने स्वतः कळवलं, अशी नोंद झाली आणि त्याला त्रास झाला नाही. तिन्हीसांजेला आम्ही सगळे, ती मुलगी, तिचा बाप, म्हातारा, मी आणि वन खात्याची माणसं, रानात गेलो. पाटी जमिनीवर ठेवून सगळे वीस पावलं मागे सरकलो. अर्धा-पाऊण तास काहीच झालं नाही. अंधार पडू लागला तेव्हा गोळा हळूहळू सैल झाला. आधी नाक बाहेर आलं. मग ती उठली, पुढच्या पायांची लांब नखं आत वळवून, काहीशी मागच्या पायांवर तोल सांभाळत चालायला लागली. पिल्लू शेपटीच्या मुळाशी घट्ट बसलं होतं. ऐनाच्या झाडांमागे ती दिसेनाशी झाली. त्यानंतरही थोडा वेळ पाचोळा वाजल्याचा आवाज येत होता.

मी त्या वेळी अडतीस-एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या कंदिलाचा विचार करत होतो. एक सुटली म्हणून दुसरी परत येत नाही, हे मला कळतं.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण त्या मुलीचा बाप पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही आणि त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. दवाखान्याचं देणं त्याने वीटभट्टीवर उचल घेऊन फेडलं. म्हणजे त्या वर्षी सहा महिने सारं कुटुंब भट्टीवर गेलं आणि मुलीची नववी बुडता बुडता वाचली. एका खवले मांजराच्या सुटकेची किंमत कोणी मोजली, तर त्यांनी. तुम्ही-आम्ही फक्त टाळ्या वाजवल्या.

म्हणून मला कोकणातल्या एका प्रयोगाचं महत्त्व वाटतं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजराच्या रक्षणाचं काम हाती घेतलं आहे. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ साजरा झाला. गावकऱ्यांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी जगभर पँगोलिन दिन पाळतात, त्याला आपल्या मातीतलं रूप मिळालं. याच संस्थेने वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचं काम उभं केलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिथे कासव महोत्सवाला येणारी माणसं गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि जेवतात. पूर्वी ज्या हातांनी अंडी विकली जात, त्याच हातांना अंडी राखून दोन पैसे मिळू लागले. खवले मांजर रात्री हिंडणारं, माणसाला टाळणारं जनावर. त्याला पाहायला पर्यटक आणता येणार नाहीत आणि आणूही नयेत. पण जो माणूस जनावर राखतो, त्याच्या अडीअडचणीला गावाने आणि सरकारने उभं राहायचं, एवढी रीत तर पाडता येईल. पालखीचा मान प्राण्याला मिळाला, तसा नारळाचा मान त्या माणसाला मिळायला काय हरकत आहे? आणि नुसता नारळ नको, बावीस हजारांच्या देण्याच्या वेळी त्याच्या पाठीशी कोणीतरी हवं.

खवले मांजर आपल्यासाठी काय करतं, असंही लोक विचारतात. ते रात्रभर वाळवी आणि मुंग्या खातं. जमीन उकरतं, भुसभुशीत करतं. त्याने सोडलेल्या बिळात दुसरे प्राणी आसरा घेतात. पण उपयोगाचाच हिशेब मांडायचा, तर मला ते फारसं पटत नाही. जर्मनीत मेसेल नावाच्या ठिकाणी या कुळाच्या प्राण्याचा जो जीवाश्म सापडला आहे, तो सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा माणूस नव्हता आणि आपला उपयोग काय, हे त्याला विचारणारंही कोणी नव्हतं.

ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नाण्यावर आहे. वीस सेंटचं नाणं हातात घेतलं की त्यावर तो पोहताना दिसतो. आपल्या खवले मांजराला नाणं नको. त्याला रात्रीचं रान मिळावं आणि सकाळी परतायला बीळ शाबूत असावं. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतून आता मोठमोठे रस्ते गेले आहेत, वस्ती वाढते आहे, वारुळं भुईसपाट होत आहेत. एवढं जपणंही सोपं राहिलेलं नाही.

ती मुलगी पुढे बारावी झाली. मध्यंतरी उंबरमाळीच्या स्थानकावर भेटली. मी विचारलं, ‘‘रानात परत दिसली का गं कधी?’’

ती म्हणाली, ‘‘जनावर नाही दिसलं, सर. पण बांधाच्या वरच्या अंगाला ताजं बीळ आहे. बापाने कुणाला सांगितलं नाही. मला पण सांगू नको म्हणालाय.’’

मग गाडी आली. मीही तुम्हाला तो बांध कुठला, ते सांगणार नाही.